किसनभाऊंना वाचून दाखव

नान, उत्तर थायलंड
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय कोकिळा,

मी निघाले त्या दिवशी स्टँडवर तू बजावलं होतंस, "फोन करू नोको. तुहा आवाज आयकला का मले रडू येते, अन् मंग हे पाहतात. लिहून धाडजो. मी यायले वाचून दाखोतो." म्हणून लिहिते आहे. वहीचा कागद, निळं पेन, आणि त्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर. तळेगावच्या शाळेत आपण दोघींनी सारी नोकरी पोरांना पत्रलेखन शिकवण्यात घालवली. आता आपली परीक्षा.

पहिली गोष्ट, मी ठीक आहे. दुसरी, लांबचा प्रवास म्हणजे काय याची आपल्याला काडीचीही कल्पना नव्हती. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आपण नकाशावर बोट फिरवायचो. बोटाला कधी तहान लागली नाही, की त्याचे कपडे धुवावे लागले नाहीत.

इथे रोज धुणं आहे. दोनच ड्रेस घेऊन फिरायचं, म्हणजे एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचा वाळत नाही, मग ओलसरच अंगात घालायचा. प्रत्येक मुक्कामाचा नळ वेगळा. कुठे वर उचलायचा, कुठे दाबायचा. एका ठिकाणी मी साबण लावून उभी आणि पाणीच बंद. जेवणात सगळीकडे साखर. मी खानावळवालीला हातवारे करून "तिखट, तिखट" म्हटलं, तर तिनं मिरच्या घातल्या आणि तोंड भाजेल म्हणून वर आणखी एक चमचा साखर. गुडघा दुखतो. माझी पाठीवरची बॅग उचलून तू म्हणाली होतीस, "हलकीच तं हाय." ती तुझ्या अंगणात हलकी होती.

आणि प्रश्न. विमानतळावरच्या साहेबानं विचारलं, "साथ में कौन है?" कोणी नाही म्हटल्यावर त्यानं पासपोर्टकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे. इथेही रोज कोणीतरी विचारतं, नवरा? मुलं? मी दोन्हींना मान हलवते. मग ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. ती खुर्ची तुझी, हे त्यांना कसं सांगू? ऑगस्टमध्ये किसनभाऊंना झटका आला नसता, त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली नसती, तर ठरल्याप्रमाणे तू इथे असतीस आणि त्या साखरेवरून खानावळवालीशी भांडली असतीस.

किसनभाऊंना माझा जय भीम सांग. भर बाजारात मला लांबून पाहून "जय भीम, मास्तरीणबाई!" म्हणून ओरडायचे, ते फार आठवतं. तब्येत कशी आहे ते खरं खरं कळव.

तुझी,
माधवी


तळेगाव (श्यामजी पंत)
१० नोव्हेंबर

माधवी,

पत्र भेटलं. मी जशी बोलतो तशीच लिहीन. शाळा सुटली, शुद्धलेखन आता पोरायले.

यायच्या खाटेपाशी खुर्ची ओढली अन् वाचलं. साखरेचं वाचलं तं तोंडाचा डावा कोपरा हालला. हासले का काय ते समजलं नाई, पण हालला. तुहा जय भीम सांगतला. डोळे मिटून घेतले.

तब्येत सुधारून राह्यली. काठी धरून आंगणात दोन चकरा मारतात. व्यायाम कराले आष्टीवरून अनुप डॉक्टर रोज येतात, मन लावून करतात. जेवण बी बरं आहे. तू काळजी नोको करू.

बगिच्यात संत्रा पिवळा पडाले लागला. यंदाचा सौदा सचिननं केला, पोरगं त्यासाठी पुण्याहून आलं. व्यापारी यायच्या खोलीत आले, नमस्कार केला, अन् हळू आवाजात बोलत बाहेर गेले. ज्या माणसाचा आवाज यष्टी स्टँडपर्यंत जाये, त्याच्या घरात लोक कुजबुजतात. हे मले सहन होत नाई. जाऊ दे.

एक विचारू? तुह्या अख्ख्या पत्रात धुणं, नळ अन् गुडघा. चांगलं काईच नाई का तिकडं? मंग एवढ्या दूर काऊन गेली?

कोकिळा


लुआंग प्रबांग, लाओस
२ डिसेंबर

प्रिय कोकिळा,

चांगलं लिहायला बसले की वाईटच आधी आठवतं, काय करू?

थायलंडची हद्द ओलांडून इकडे आले. हद्दीवर व्हिसासाठी माझे फोटो चालेनात. आपण वर्ध्याला काढलेले, तुझ्या मते मी ज्यात "पोलीस पाटलीण" दिसते ते. पुन्हा फोटो काढा, पुन्हा रांग. मग मेकाँग नदीतून बोटीचा प्रवास, मध्ये एक मुक्काम. बोटीत जुन्या मोटारींच्या सीटा काढून बसवल्या आहेत, माझी एका बाजूला कललेली. मी अख्खी मेकाँग तिरकी पाहिली. चष्म्याची काडी तुटली, ती दोऱ्यानं बांधली आहे. इथे स्वस्तात राहायचं म्हणजे एका खोलीत सहा पलंग, एकावर एक. मला वरचा मिळाला. या वयात शिडी चढून झोपायला जाणं हा काय प्रकार आहे ते तुला लिहून कळणार नाही. खालच्या पलंगावर जर्मनीची एक पोरगी होती. तिनं पहिल्या दिवशी माझं चढणं पाहिलं, स्वतःची गादी वर नेली आणि मला खाली बोलावलं.

पण तुझं पत्र वाचून मी त्या पलंगावर एकटीच टाळ्या वाजवल्या. किसनभाऊ अंगणात चकरा मारतात! त्यांना माझ्याकडून सांग, किसनभाऊ, आता अंगण पुरे झालं, फाटकापर्यंत जा. फक्त ओसरीची पायरी उंच आहे, ती चढताना डावा पाय आधी टाका. आणि पुढच्या वर्षी संत्र्याचा सौदा तुम्हीच करा. सचिन सज्जन आहे, त्याला व्यापारी गुंडाळतील.

तुझी,
माधवी


तळेगाव
१४ डिसेंबर

माधवी,

तुहं पत्र मी आधी मनात वाचून घ्याले पाह्यजे होतं. नेहमीसारखं मोठ्यानं सुरू केलं. पोलीस पाटलिणीवर यायचा तो डावा कोपरा हालला. अन् मंग "किसनभाऊ अंगणात चकरा मारतात" इथी आली अन् माही जीभ अडकली. थांबता बी येईना, कारण हे कान देऊन आयकून राह्यले होते. वाचलं. "फाटकापर्यंत जा" तेही वाचलं. मान वर केली तं हे माह्याकडे पाहून राह्यले.

माधवी, हे चालत नाईत. ऑगस्टपासून खाटेवरून उठलेच नाईत. अनुप डॉक्टर आले का तोंड भिताडाकडे. ताट डाव्या हातानं लोटून देतात. तू तिकडं एकटी, तुह्या जिवाले घोर नोको म्हणून मी तसं लिहिलं. अन् सांगू? लिहिलं तेवढा वेळ मलेच ते खरं वाटत होतं.

मले वाटलं, आता फोन हिसकून फेकतात. काई केलं नाई. दुपारभर आढ्याकडे पाहत राह्यले. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुप डॉक्टर आले. यायनं आपल्या डाव्या हातानं उजवा हात उचलला अन् त्यायच्या पुढं ठेवला. दुकानात एखादी वस्तू दुरुस्तीले देतात ना, तसा. डॉक्टर माह्याकडे पाहाले लागले. मी सैपाकखोलीत पळाली.

आता खाटेच्या कडेवर बसतात. दोघानं धरलं तं उभे राहतात, पाय लटलट कापतात. आंगण लय दूर आहे अजून. पण तू ते लिहिलं नसतं तं हे झालं नसतं. उपकार म्हणत नाई, तू रागावशीन.

आता तुही पाळी. माहं खोटं उघडं पडलं, पण तू कोणती खरी? तू बी मले निवडून निवडून त्रासच लिहून राह्यली. "कोकिळा येऊ नाई शकली, तिले चांगलं लिहिलं तं तिच्या जिवाले लागंन." असंच ना? त्या जर्मन पोरीनं तुले खाली बोलावलं, ते तुह्या पेनातून चुकून सांडलं, म्हणून मले समजलं. अवं, एका डब्यातून जेवलो आपण सारी नोकरी. तवा कवा तू गोड घास एकटीनं खाल्ला नाई. आता काऊन खाऊन राह्यली? मले दया नोको. मले सांग.

कोकिळा


लुआंग प्रबांग
२८ डिसेंबर

प्रिय कोकिळा,

हरले. तू म्हणतेस तसंच होतं. प्रत्येक चांगल्या गोष्टीपाशी मला तुझं स्टँडवरचं तोंड दिसायचं, आणि मी धुण्याकडे वळायचे. किसनभाऊंबद्दलचं मी नदीकाठी जाऊन पुन्हा वाचलं. त्यांनी हात पुढे केला, त्यात माझं काही नाही. पण माझं पत्र तिथे होतं याचा आनंद मी घेणार आहे.

आता ऐक. पौर्णिमेला इथल्या विहारात गेले. पांढरं उपरणं खांद्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या बाया ओळीनं बसल्या होत्या. मी मागे, खांबापाशी बसले. कोणाचं एक अक्षर मला कळत नव्हतं, माझं त्यांना. आणि एकदम सगळ्यांनी सुरू केलं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स..."

माझी आई तुला आठवते ना? तानाबाईला सही येत नव्हती. पण वंदना तिनं कानानं ऐकून अख्खी पाठ केली होती. तळेगावच्या विहारात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा आणि लहानपणी मला त्याची लाज वाटायची. तेच शब्द, कोकिळा. चाल निराळी, शब्द तेच. माझ्या तोंडातून आपोआप निघाले, आणि आईसारखेच जरा मोठ्यानं. पुढच्या म्हातारीनं मागे वळून पाहिलं. पंचशील संपेपर्यंत तिनं मान पुढे केली नाही, माझ्याकडे बघत बघतच म्हणत राहिली. मग तिनं माझा हात धरून मला पुढच्या ओळीत नेलं, बांबूच्या टोपलीतला चिकट भात मुठीनं वळून माझ्या हातावर ठेवला. मी रडत रडत खाल्ला. आता ती रोज सकाळी बाजारात मला हाक मारते. काय म्हणते कळत नाही. मी "हो" म्हणते.

आणखी सांगू? मला इथे कोणी मॅडम म्हणत नाही. घंटा नाही, हजेरी नाही, कोणाचं औषधपाणी नाही. आई गेल्यावरही घरात पाऊल टाकलं की मी आधी तिच्या खोलीत डोकवायचे. ती सवय इथे सुटली. सकाळी नदीवर धुकं असतं, त्यात माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात. मी नुसती बसते. साठीला टेकले आणि नुसतं बसणं आता शिकते आहे.

पुढच्या आठवड्यात बसनं व्हिएतनामला निघेन. हे सगळं किसनभाऊंना वाचून दाखव. गाळू नको.

तुझी,
माधवी


तळेगाव
२४ जानेवारी २०२५

माधवी,

तुहं काईच नाई. दोन वेळा लिहिलं, दोन्ही पत्रं तू पाह्यली बी नाई असं फोन दाखवते. प्रवासात नेट नसंन म्हणून मी गप राह्यली. आता राहवत नाई. हे रोज दुपारी फोनकडे बोट दाखवतात अन् मी नाई म्हणून मान हालवतो. कोणाच्या बी फोनवरून एक ओळ लिही. नुस्तं "आहो" लिही.

कोकिळा


ह्वे, व्हिएतनाम
२ फेब्रुवारी

प्रिय कोकिळा,

आहे. आधी तेच.

इथे जानेवारीत दिवसच्या दिवस बारीक पाऊस पडतो आणि थंडी वाजते. मी त्यात फिरले, ओलसर कपडे घातले, खोकला अंगावर काढला. एके सकाळी जिन्यावर श्वासच घेता येईना. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या लानबाईंनी, माझ्याच वयाच्या आहेत, मला स्कूटरवर आपल्यामागे बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. डॉक्टर फोनमध्ये बोलले आणि फोननं त्याचं इंग्रजी करून मला सांगितलं की माझी फुफ्फुसं न पिळलेल्या धुण्यासारखी आहेत. तेवढ्यातही मला हसू आलं, तुला पत्रात लिहिलेलं धुणं शेवटी छातीत गेलं म्हणून.

इथल्या दवाखान्यात पेशंटचं खाणंपिणं, अंग पुसणं, सगळं घरच्यांनी करायचं असतं. नर्स कागद घेऊन आली आणि विचारलं असावं, नातेवाईक कोण? मला शब्द कळले नाहीत, पण तिची नजर कळली. ती माझ्या पलंगाच्या आजूबाजूला बघत होती, तिथे कोणी नव्हतं. आणि दारातून लानबाईंनी हात वर केला. शाळेत हजेरीला मुलं करतात तसा.

त्या आणि त्यांची बहीण पाळीपाळीनं आल्या. भाताची पातळ पेज, आलं घातलेली. केस विंचरून दिले. इथला नववर्षाचा सण म्हणजे आपली दिवाळी समज, अख्खा देश आपापल्या घरी जातो, दवाखाना ओस पडला. लानबाईंचे मुलगे दूरच्या शहरातून आले होते. त्या दिवशी त्या मुलांना घेऊनच दवाखान्यात आल्या आणि सगळ्यांनी माझ्या पलंगाभोवती उभं राहून केळीच्या पानातला भात खाल्ला. मी त्यांच्याच फोनवर लिहून त्यांना विचारलं, तुम्ही माझ्यासाठी हे का करता? त्यांनी उत्तर लिहिलं. फोननं सांगितलं, "तू माझ्या घरात होतीस."

तुला कळवलं नाही. फोन बंद करून उशाखाली ठेवला होता. तुझ्याकडे एक आजारी माणूस आहे, दुसरं कशाला, असं वाटलं. तुझं चोवीस तारखेचं आज वाचलं आणि चूक कळली.

आता बरी आहे, पण दमते. खरं सांगू, एकटीनं पुरे झालं. थोडी ताकद आली की इथूनच परत येते. श्रीलंका राहू दे. शेवटचा मुक्काम आपण तोच ठरवला होता, तुझ्याशिवाय तो नको.

तुझी,
माधवी


तळेगाव
१० फेब्रुवारी

माधवी,

मी तुह्यावर रागावली आहो, पण ते भेटल्यावर. आधी हे आयक.

तुहं पत्र वाचलं. लानबाईनं हात वर केला, तिथी यायचे डोळे भरले, आपल्या डाव्या हातानं पुसले. "श्रीलंका राहू दे" वाचलं अन् फोन ठेवला. जेवणाची वेळ होती. ताट आणलं, घास पुढं केला. यायनं तोंड फिरवलं, मान ताणली, घशातून आवाज काढला. "जा... जाय."

पयला शब्द, माधवी! अन् तो "जाय"! एवढं उसाभर करून माह्या नशिबी हा शब्द. मी ताट तसंच ठेवलं, मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसली अन् पदर तोंडात कोंबून रडली. यायची बहीण धुरपताबाई आलेली होती. ती आत गेली, अन् मले हाका माराले लागली. जाऊन पाहतो तं हे फोनकडे बोट दाखवून राह्यले. फोन, मंग मी, मंग दार. "जाय." धुरपताबाई म्हणे, "कोकिळे, तो तुले हाकलून नाई राह्यला वो. तो तुले धाडून राह्यला."

मी म्हणली, तुमाले असं टाकून मी कशी जाऊ? "जाय." तुमचा व्यायाम? "जाय." तुमाले घास कोण भरवंन? तं ताट ओढलं अन् डाव्या हातानं पोळी तोडून खाल्ली. अर्धं वरण गादीवर सांडलं. पण खाल्ली, अन् माह्याकडे असं पाह्यलं जसं सौदा जिंकला.

सचिनले फोन केला. वाटलं, तो तरी नाई म्हणंन. तो म्हणे, आई, जाय. सूनबाई आकांक्षा म्हणे, माहं काम घरूनच चालते, मी तळेगावले येऊन राहतो. धुरपताबाई तं पिशवी घेऊनच आली होती. साऱ्या घरानं तो एकच शब्द धरला.

पासपोर्ट आहे, आपण संगच काढला होता. आता तू सांग. तुह्यात ताकद आहे का? अन् मी विमानात कवा बसली नाई, मले भेव वाटते.

कोकिळा


ह्वे
१२ फेब्रुवारी

प्रिय कोकिळा,

ये.

तुझं पत्र मी लानबाईंना फोनमधून वाचून दाखवलं. त्यांनी किसनभाऊंचा फोटो मागितला, बघितला आणि देव्हाऱ्यापाशी उदबत्ती लावली. माझ्यातली ताकद तुझ्या पत्रानं आली आहे, उरलेली मार्चपर्यंत येईल.

तिकीट सचिनला काढू दे, नागपूर ते चेन्नई, चेन्नई ते कोलंबो. चेन्नईला बॅग पुन्हा घ्यायची का ते काउंटरवर विचार. न लाजता विचार, मी चार महिने फक्त विचारतेच आहे आणि अजून कोणी मारलं नाही. साडी नको, चालताना त्रास होतो. साडी नेसल्याशिवाय तुला चैन पडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून एकच आण. विमान वर जाताना कानात दडे बसतात, बडीशेप चघळ. साहेबानं विचारलं साथ में कौन है, तर सांग, मैत्रीण पुढे गेली आहे.

भीती वाटणारच. मला आजही नव्या गावात उतरताना वाटते. पहिल्या जेवणापर्यंत टिकते.

किसनभाऊंना काय सांगू? पेन हातात धरून बसले आहे. त्यांना म्हणावं, माधवीला शब्द सुचला नाही.

तुझी,
माधवी


अनुराधपूर, श्रीलंका
१५ मार्च

अहो,

लग्न झालं तवापासून तुमाले पत्र लिहाची वेळच आली नाई. माहेरी गेली तं चौथ्या दिवशी तुमी दारात. हे पयलंच. आकांक्षा वाचून दाखवंन.

आधी त्रास सांगतो. कोलंबोले उतरली अन् फिरत्या पट्ट्यावरून दुसऱ्याच बाईची बॅग उचलून चालाले लागली. ती बाई ओरडत मांगं, मी पुढं, मले वाटे कोणी दुसऱ्याले ओरडून राह्यली. बाहेर माधवी उभी होती अन् मी तिच्यापुढून निघून गेली, ओळखलंच नाई, एवढी वाळली. पयल्या राती झोप नाई, उशी लय उंच. इथी गरमी अशी का लुगडं अंगाले चिकटते, माधवी म्हणे "सांगतलं होतं". देवळात चपला काढा लागतात अन् दगड तव्यासारखा तापते. आमी दोघी म्हाताऱ्या टाचांवर उड्या मारत जातो, पोरं हासतात. पण जेवण, अहो! भात, वर चार भाज्या, अन् खोबऱ्याची लाल चटणी, आपल्या ठेच्याच्या तोडीची. माधवी पयल्या घासाले डोळे मिटून बसली.

काल नाई परवा पौर्णिमा होती. तिकडं होळी पेटली असंन. इथी सारी दुनिया पांढरे कपडे घालून बोधिवृक्षाच्या दर्शनाले आली होती. माधवी झाडाखाली बसली अन् तिच्या आईसारखी मोठ्यानं वंदना म्हणाले लागली. मी कठड्यापाशी उभी राह्यली.

तिथी एक म्हातारा आला, बायको संग. त्याची बी उजवी बाजू तुमच्यासारखीच. एक पाऊल टाकाचा, थांबाचा. मांगं एवढी गर्दी, पण कोणी ढकललं नाई, कोणी "चला चला" म्हणलं नाई. साऱ्यायची चाल त्याच्यायेवढी झाली. माह्यापाशी आले तं त्याची लुंगी सुटाले लागली. बायकोनं हातातली कमळं माह्या हातात देल्ली, मले विचारलं बी नाई, जसं का मी घरचीच, अन् त्याची लुंगी नीट केली. तो काईतरी बोलला. शब्द नोहता तो, नुस्ता आवाज. ती हासली अन् तिनं उत्तर देल्लं. तो पुन्हा तसाच आवाज काढे, ती पुन्हा उत्तर दे. त्यायच्या गप्पा चालल्या होत्या, अहो.

मी कमळं धरून उभी अन् माह्या डोळ्यापुढं तुमी. एवढे महिने मी तुमी बोलाची वाट पाह्यली. तुमी तं बोलूनच राह्यले होते. भिताडाकडे तोंड केलं ते बोलणं होतं, ताट लोटलं ते होतं, हात पुढं ठेवला ते होतं. साऱ्या गावच्या पोरायले वाचाले शिकवलं मी, अन् तुमाले वाचता नाई आलं.

त्या बाईनं कमळं परत घेतली, एक माह्या हातात राहू देल्लं. ते मी तिथी वाह्यलं. काई मांगतलं नाई. मांगाले गेली तं काई आठवेच ना. तुमी आहा, पोरगं-सून आहे, धुरपताबाई आहे, झाडाखाली माधवी बसून आहे, अन् मी समुद्रापलीकडं उभी आहो. माह्याजवळ एवढं आहे हे मले घरी बसून दिसलं नाई, तुमी धाडलं म्हणून दिसलं.

उद्या रेल्वेनं डोंगरात जाणार. महिन्याच्या शेवटी दोघी संगच परत येतो. अनुप डॉक्टरचं आयकजा. धुरपताबाईवर डोळे वटारू नोका.

अन् मी आली का दोन दिवस मले कोणी काई काम सांगू नोका. खुर्ची तुमच्यापाशी ओढीन अन् नुस्ती सांगत बसीन. मधात तुमाले जे काई म्हणाचं असंन ते म्हणजा, जसं निघंन तसं. मले समजते आता.

तुमची,
कोकिळा